रूळ गेले, वाट राहिली: रेल ट्रेलवर सायकलने जावं की पायी, आणि नेमकं बघायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रूळ काढून सायकल-पायवाट केलेल्या एखाद्या जुन्या रेल्वेमार्गावर, म्हणजे रेल ट्रेलवर, दोघांनी तीन दिवसांसाठी जायचं आहे. एकाला सायकल आवडते, दुसऱ्याला चालणं. सराव दोघांचाही बेताचाच. झाडं-डोंगर बघून परत यायचं नाही, रेल्वेचा इतिहासही समजून घ्यायचा आहे. तर सायकल घ्यावी की पायी जावं, आणि तयारी काय करावी?

लांबी सायकलने काटा आणि बांधकामं पायी बघा. सलग चालणं या वाटांवर बहुतेकांना कंटाळवाणं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. डोंगरवाटेवर दर दहा मिनिटांनी काहीतरी बदलतं. इथे समोर दिसणारं वळण गाठायलाच अर्धा तास जातो. शिवाय सपाट, कडक जमिनीवर पाऊल दर वेळी एकाच कोनात पडतं, त्यामुळे तळव्यांना फोड लवकर येतात. उलट, सायकलवरून न थांबता सुसाट गेलात तर ज्यासाठी निघालात तेच हुकतं. रेल्वेची सगळ्यात चांगली कामं वाटेच्या खाली असतात आणि वरून जाणाऱ्याला ती दिसतच नाहीत. म्हणून चालणाऱ्यानेही सायकल घ्यावी आणि सायकलवाल्यानेही दिवसातून दोन-तीनदा तासभर खाली उतरावं.

खाली उतरून बघायचं काय? माहितीफलक असतात, ते वाचाच. पण फलकांवर बहुधा मार्ग कधी सुरू झाला, कधी बंद पडला आणि कोणी फीत कापली एवढंच असतं. जमिनीवरचा इतिहास वाचायला एकच प्रश्न पुरतो: इथे गाडीचा चढ कसा वाचवला?

पोलादी चाक पोलादी रुळावर अगदी कमी विरोधाने फिरतं. सपाटीवर एक टन वजन हलतं ठेवायला जेमतेम दोन-चार किलोंचा जोर लागतो. पण शंभर मीटरला एक मीटर चढ आला की टनामागे आणखी दहा किलो लागतात. म्हणजे डोळ्यांना जाणवतही नाही अशा चढावर इंजिनाचं काम तीन ते सहा पट होतं. त्यात चाक जागच्या जागी घसरण्याची भीती वेगळीच. म्हणून मार्ग आखणारे शंभराला एक, फार तर दोन, एवढ्यातच चढ बसवायला धडपडायचे. कॅनडातली केटल व्हॅली रेल्वे अत्यंत अवघड डोंगरातून गेली, तरी तिची कमाल मर्यादा २.२ टक्के होती. टेकडी कापली, दरीत भराव घातला, बोगदा पाडला, नदीकाठ धरला, वळसा घेतला, ते सगळं या एका आकड्यासाठी. याच रेल्वेच्या वाटेवरल्या मायरा कॅन्यन दरीत तर मार्ग दरीच्या कडेकडेने असा फिरवला आहे की तेवढ्यात १८ पूल आणि २ बोगदे लागले. त्यातले १२ लाकडी पूल २००३ च्या वणव्यात जळाले. पुढच्या काही वर्षांत ते पुन्हा उभारले, आणि तेही आता त्यांवरून फक्त सायकली आणि माणसंच जाणार असताना. मला या प्रकरणाचं फार कौतुक आहे.

अमेरिकेतली केटी ट्रेल सुमारे ३८५ किलोमीटर लांब आहे आणि तरी बहुतेक सपाट, कारण ती मोठ्या टप्प्यात मिझुरी नदीच्या कडेने जाते. नदीने चढ वाचवला, पण पूरही दिले. १९८६ च्या पुराने मार्गाची इतकी नासधूस केली की तिथली गाड्यांची वाहतूक कायमची थांबली. आज आपण त्यावर सायकल चालवतो ती त्या पुरामुळे.

हाच चढ तुमच्या तीन दिवसांचं गणितही ठरवतो. "रेल ट्रेल म्हणजे सपाट" असं सगळे सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाय का भरून आले हे कळत नाही. सायकल आणि स्वार मिळून नव्वद किलो धरले तर दोन टक्के चढावर १.८ किलोंचा ओढा सतत मागे खेचत असतो. रस्त्यावर चढानंतर उतार येतो, पेडल सोडून दम खाता येतो. इथे तोच बारीक चढ वीस-तीस किलोमीटर न थांबता चालू राहतो, एकाच गतीने, एकाच बैठकीत. त्यामुळे पायांच्या आधी ढुंगण आणि मनगटं तक्रार करतात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उभं राहून शंभरेक मीटर पेडल मारा आणि हातांची पकड बदला. खोगीर नवं असेल तर घरी आठवडाभर त्यावर बसून बघा. मऊ, जाड गादीवालं खोगीर दुकानात छान वाटतं आणि चाळीस किलोमीटरनंतर वैरी होतं.

दिशा निवडताना उंचीचा आलेख बघाच. अमेरिकेतली ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज ही ट्रेल पिट्सबर्ग ते कंबरलँड सुमारे २४० किलोमीटर आहे. मधला जलविभाजकाचा माथा ७२९ मीटरवर. कंबरलँडकडून निघालात तर पहिल्या ३८ किलोमीटरमध्येच सुमारे ५४० मीटर चढायचे, म्हणजे सरासरी १.४ टक्के. पिट्सबर्गकडून तोच माथा दोनशे किलोमीटर सावकाश चढत येतो आणि मग कंबरलँडपर्यंत एकसलग उतार मिळतो. सराव बेताचा असेल त्याने कोणत्या टोकाहून निघावं हे वेगळं सांगायला नको. मात्र तुमच्यासारखे तीनच दिवस असतील तर पूर्ण लांबीचा हट्ट नको. बेताचा सराव असलेल्याने सायकलने दिवसाला ४० ते ५० किलोमीटर धरावेत, तेही थांबे धरून. पायी असेल तर पंधरा.

चढाचा प्रश्न किती जिवावर बेतायचा याचं एक उदाहरण इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळ आहे. तिथला कूम डाऊन बोगदा १८७४ मध्ये सुरू झाला. लांबी १,६७२ मीटर, एकेरी मार्ग, अंगावर येणारी अरुंद कमान आणि धूर बाहेर जायला मध्ये एकही विहीर नाही. २० नोव्हेंबर १९२९ रोजी जड मालगाडी घेऊन एक इंजिन मिडफर्ड स्थानकातून थांबल्या जागेवरून निघालं आणि चढावर रांगत बोगद्यातून वर येत होतं. धुराने चालक आणि फायरमन बेशुद्ध पडले. गाडी तशीच माथ्यापर्यंत आली आणि मग पन्नासाला एक अशा उतारावरून सुटली ती थेट बाथच्या माल-यार्डात जाऊन आदळली. चालकासह तिघे गेले. आज त्या बोगद्यात दिवे आहेत, डांबरी वाट आहे आणि मुलं शिट्ट्या मारत प्रतिध्वनी ऐकत जातात. मिडफर्डच्या बाजूने आत शिरा आणि शक्य असेल तर सायकल हातात धरून चाला. पायांना जेमतेम जाणवणारा तो चढ आहे, त्यावर गाडी किती हळू चालली असेल याचा अंदाज येतो. डोकं वर केलंत की कमान किती जवळ आहे तेही दिसतं, आणि धुराला जायला जागाच नव्हती हे कोणी सांगावं लागत नाही.

वाटेत चढ अचानक तीव्र झाला, दहा-पंधरा मीटर खाली उतरून पुन्हा वर चढायला लागलं, तर समजा तुम्ही रेल्वेच्या मूळ मार्गावर नाही. तिथे पूल होता आणि लोखंडाच्या भंगारासाठी तो काढून नेला, किंवा बोगदा बंद आहे म्हणून वाट बाजूने काढली आहे. अशा ठिकाणी थांबून दोन्ही काठ बघा. पुलाचे दगडी टेकू जागेवरच असतात, कारण त्यांना भंगारात भाव नाही. इंग्लंडमधल्या मॉन्सल ट्रेलवर २०११ पर्यंत अशीच स्थिती होती. बोगदे बंद असल्याने लोकांना टेकडीवरून वळसा घालून जावं लागायचं. ते उघडल्यावर १८६३ च्या रेल्वेचा चढ पुन्हा सलग झाला.

आता वाटेखाली. भरावाच्या पायथ्याशी ओढा जातो तिथे मोरी असते. वरून जाणारे शंभरातले नव्याण्णव तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. खाली उतरायला अधिकृत पायवाट असेल तरच उतरा. भराव उकरत जाऊ नका, तो त्याच मातीने उभा आहे. मोरीच्या तोंडाशी गेलात की आधी दगड बघा. कमानीचे दगड पाचरीसारखे घडवलेले, त्यावर छिन्नीच्या तिरक्या रेघा अजून स्पष्ट. कधी मधल्या दगडावर साल कोरलेलं सापडतं. मग आत नजर टाका. वाटेची रुंदी वर तीन मीटर आहे, पण मोरी मात्र वीस-तीस मीटर लांब. म्हणजे तुम्ही ज्या "सपाट" वाटेवरून आलात ती मुळात एवढ्या रुंद पायाच्या मातीच्या ढिगाची शेंडी आहे. भरावाची उंची वरून कधीच कळत नाही, मोरीत कळते.

रस्त्यावरून गेलेल्या कमानीच्या पुलाखाली उभे राहिलात तर कमानीच्या पोटाकडे बघा. कधीकधी मधोमध एक सरळ सांधा दिसतो. एका बाजूची वीट वेगळी, चुना वेगळा, थर जुळत नाहीत. आधी एकेरी मार्ग होता, धंदा वाढला आणि दुसरा मार्ग टाकायला पूल रुंद केला, असा त्याचा अर्थ. याच्या उलटही असतं: पूल दुहेरी मार्गाच्या रुंदीचे आणि भराव एकेरी. दुसऱ्या मार्गाची आशा होती, गाड्या आल्याच नाहीत. कंपनीच्या हिशेबवहीत जे शोधावं लागेल ते इथे एका नजरेत मिळतं.

खडकातल्या कटिंगमधून जाताना भिंतीला हात लावून चाला. बोटाएवढ्या, कधी मनगटाएवढ्या जाडीच्या अर्धगोल पन्हळी सरळ खाली उतरताना सापडतील. त्या सुरुंगाच्या भोकांच्या उरलेल्या अर्ध्या बाजू. दुसरा अर्धा स्फोटात उडाला.

बोगद्याच्या भिंतीत ठरावीक अंतरावर कोनाडे असतात, गाडी आली की गँगमनने अंग चोरून उभं राहायचं ते. एकदा त्यात उभे राहून बघा. स्थानकांवर वाट बहुधा दोन फलाटांच्या मधून जाते, म्हणजे तुम्ही रुळांच्या जागेवर आणि फलाटाची कड कमरेएवढी उंच. फलाटाच्या दर्शनी दगडांत मध्येच विटा सुरू झाल्या तर तिथून फलाट नंतर लांबवला. कुंपणाचे खांब पुष्कळदा कापलेले जुने रूळच असतात. त्यांच्या कमरेवर कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं, गंज पुसला की वाचता येतं. न्यूझीलंडच्या ओटागो सेंट्रल रेल ट्रेलवर गँगमनच्या छोट्या झोपड्या ठेवल्या आहेत, आत माहिती लावली आहे. तिथे पाऊस आला की इतिहास आणि आडोसा एकदमच.

वाफेच्या इंजिनाला सतत पाणी लागायचं, त्यामुळे पाण्याच्या टाक्या आणि थांबे साधारण पंधरा ते तीस किलोमीटरवर असत. त्यांच्याभोवती वस्त्या वाढल्या. तुमच्या मुक्कामाची आणि पाणी भरायची ठिकाणं आजही बहुधा तीच असतात, कारण सायकलस्वाराची तहान इंजिनाच्या हिशेबात बऱ्यापैकी बसते.

झाडंसुद्धा रेल्वेने आणलेली असतात. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड रॅगवर्ट नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप रेल्वेच्या कडेने सगळीकडे दिसतं. ते मूळचं सिसिलीतलं, ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातून निसटलेलं. ज्वालामुखीच्या राखाडी जमिनीची सवय असलेल्या त्या झाडाला रुळांखालची खडी आणि कोळशाची जळकी माती घरच्यासारखी वाटली, आणि गाड्यांच्या वाऱ्याबरोबर त्याचं बी पुढे गेलं.

मार्ग बंद का पडले, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. ब्रिटनमध्ये १९६३ चा बीचिंग अहवाल: २,३६३ स्थानकं आणि सुमारे ५,००० मैल मार्ग बंद करण्याची शिफारस. ओटागोत धरणाने उलट केलं. क्लाइड धरणाच्या मालवाहतुकीसाठी रेल्वे टिकली, ते काम सरल्यावर १९९० मध्ये बंद झाली आणि २००० मध्ये १५२ किलोमीटरची ट्रेल म्हणून उघडली. अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने मार्गाची जमीन पुढे कधी रेल्वे लागली तर हाताशी राहावी म्हणून तात्पुरती ट्रेल करायची सोय केली. म्हणजे तिथल्या कितीतरी ट्रेल कागदोपत्री अजून "रेल्वेसाठी राखीव" आहेत. सगळ्यात विचित्र प्रकार दोन. स्पेनमधली विया वेर्दे दे ला सिएरा: ३६ किलोमीटर, ३० बोगदे, ४ मोठे पूल, आणि त्यावरून गाडी एकदाही धावली नाही. काम अर्धवट सोडलं गेलं. तिथे बोगद्यांच्या छताला काजळी शोधू नका. दुसरा फेनबान नावाच्या ट्रेलचा, जर्मनीतल्या आखेनपासून लक्झेंबर्गमधल्या त्रुआवियेर्जपर्यंत १२५ किलोमीटर. पहिल्या महायुद्धानंतर हा मार्ग बेल्जियमला मिळाला, आजूबाजूची गावं जर्मनीतच राहिली. रूळ गेले तरी पट्टी बेल्जियमचीच आहे, त्यामुळे काही ठिकाणी दोन्ही बाजूंना जर्मनी आणि चाकाखाली बेल्जियम.

तयारीचं बोलू. बहुतेक ट्रेलवर दाबलेली बारीक चुनखडी किंवा खडी असते. ३८ ते ४२ मिलिमीटरचे टायर, हवा थोडी कमी, एवढं पुरतं. शॉकअपवाली जड सायकल नको. पावसानंतर चुनखडीचा लगदा साखळीत आणि ब्रेकमध्ये जाऊन कानसीसारखा घासतो, म्हणून संध्याकाळी साखळी पुसून तेल देणं टाळू नका. कटिंगमध्ये ओल आणि शेवाळ टिकतं, भरावावर वारा आडवा लागतो. एकाच दिवसात दोन्हीसाठी कपडे हवेत.

बोगद्यासाठी स्वतंत्र तयारी लागते. अमेरिकेतल्या हायावाथा मार्गावरचा टाफ्ट बोगदा सुमारे २.७ किलोमीटरचा आहे. बाहेर भर उन्हाळा असला तरी आत साधारण ८ अंश. जाकीट पिशवीच्या तळाशी नको, वरच ठेवा. मोबाइलचा टॉर्च चालत नाही: वाटेवर उजेड पाडणारा पुढचा दिवा, मागे लाल दिवा आणि एक जादा दिवा. तोंडाशी गॉगल काढून मिनिटभर थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. भर उन्हातून थेट आत घुसणारा माणूस पहिले पन्नास मीटर आंधळाच असतो, आणि समोरून चालत येणाऱ्याला नेमकं तिथेच गाठतो. विस्कॉन्सिनमधली एलरॉय-स्पार्टा ही अमेरिकेतली अगदी सुरुवातीची रेल ट्रेल. तिथल्या तिसऱ्या, सुमारे १,१६० मीटरच्या बोगद्यात छतातून पाणी गळतं आणि सायकल ढकलतच न्यायची असते. त्याच्या तोंडाला अवाढव्य लाकडी दारं आहेत. हिवाळ्यात आत पाणी गोठून दगड फुटू नये म्हणून पहारेकरी गाडी आली की ती उघडायचा आणि गेली की लावायचा. दाराजवळ उभं राहून त्या नोकरीचा विचार करावा.

अपघात मात्र बोगद्यापेक्षा रस्ता ओलांडताना जास्त संभवतात. रेल्वे होती तेव्हा फाटक पडायचं आणि रस्ता थांबायचा. आता तुम्ही थांबायचं, पण सरळ सपाट वाटेच्या लयीत ते लक्षात राहत नाही. त्यात मोटारी अडवायला वाटेच्या मधोमध खांब असतो. दोघं बोलत एकामागे एक जात असाल तर मागच्याला तो शेवटच्या क्षणी दिसतो. रस्ता जवळ आला की पुढच्याने मोठ्याने सांगायचं, हा नियमच करा. पायी चालणाऱ्यांना ओलांडताना लांबूनच घंटा, घोडा असेल तर घंटा नाही, तोंडाने हाक आणि वेग अगदी कमी. रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरवर बसू नका आणि त्यांची शेकोटी तर अजिबात नको, त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून लावलेलं विषारी तेल, मुरलेलं असतं. पूर्वी गवत मारायला आर्सेनिकची औषधंही फवारली जायची, म्हणून वाटेच्या अगदी कडेची रानफळं खाण्याचा मोह टाळा. शेजारी चालू मार्ग असेल, ब्रिस्टल-बाथ वाटेवर बिटनजवळ जुन्या गाड्या अजून धावतात तसा, तर रुळांवर फोटोसाठीही जायचं नाही.

निघण्यापूर्वी एक संध्याकाळ जुन्या नकाशांना द्या. ब्रिटनसाठी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने नकाशे आणि आजचा उपग्रह-नकाशा शेजारी शेजारी फुकट बघता येतात. अमेरिकेचे जुने भूस्वरूप-नकाशे त्यांच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडे आहेत. मार्गावरची यार्डं, खाणींकडे जाणारे फाटे, टाक्या यांवर खुणा करा. फाटा जिथे फुटतो तिथे प्रत्यक्षात झाडीत शिरणारी एक हलकी वळणदार पट्टी दिसते, ठाऊक नसेल तर ती नजरेतून निसटतेच. अशा पाच-सहा जागा निवडा आणि पायी वेळ तिथेच घालवा. पहिला दिवस बहुतेक सायकल, दुसरा निम्मा-निम्मा. तिसऱ्या दिवशी सगळ्यात दाट बांधकामांचा आठ-दहा किलोमीटरचा तुकडा सायकली मुक्कामी ठेवून पायीच करा. तोवर दोघांनाही कमानी आणि मोऱ्या वाचता यायला लागलेल्या असतात.

बोगदे हिवाळ्यात बंद असू शकतात, कुठे बर्फामुळे, कुठे वटवाघळांच्या शीतनिद्रेसाठी. ग्रेट अ‍ॅलेगेनीचा बिग सॅव्हेज बोगदा दर हिवाळ्यात बंद होतो आणि वरून जायला सोपा पर्याय नाही. तारखा व्यवस्थापनाच्या संकेतस्थळावर आठवडाभर आधी पुन्हा तपासा. वाट एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारी असल्याने परतीची सोयही आधीच ठरवावी लागते. सामान आणि सायकली परत आणणाऱ्या गाड्या असतील तर त्यांचं आरक्षण मुक्कामाच्या आधी करा, कारण खोल्या शेवटच्या दिवशीही मिळतात, त्या गाडीतली सायकलची जागा मिळत नाही.